दोन बोटं माया

३ मार्च, सोमवार

ही डायरी लेकीने दिली. म्हणाली, आई, मनात येईल ते यात लिहीत जा, म्हणजे बाबांचे कान तरी सुटतील. घ्या. पोटच्या पोरीचं हे मत. दोन महिने कोरीच पडली होती. आज उघडली, कारण आज घरात बोलायची सोय नाही. हे तोंड फुगवून मागच्या पायरीवर बसलेत.

झालं असं की पहाटेच्या वाऱ्यात अंगणातल्या वाळलेल्या झाडाची एक फांदी मोडून शिवणखोलीच्या पत्र्यावर आली. पत्रा चेपला, बाकी काही नाही. पण ती नुसती फांदी होती. खोड अजून उभं आहे, मुळं एका बाजूने उघडी पडलीत, आणि वारा उलटा फिरला तर ते सरळ खोलीवरच येणार. आत माझी दोन शिलाई मशिनं, कापडाच्या कडा शिवायचं एक इंटरलॉक आणि शाळेच्या गणवेशांचं कापून ठेवलेलं सगळं काम. झाड आडवं झालं की माझा धंदा आडवा झाला.

झाडं तोडणाऱ्याला फोन केला. सगळीकडे पडझड झालीय, महिन्याभराने बघू, म्हणाला. ह्यांनी ते ऐकलं आणि भडकले. आयुष्य वखारीत गेलं, आणि माझ्या दारातलं झाड बाहेरच्याने येऊन पाडायचं? मी म्हटलं, मग पाडा की तुम्हीच. तर उठून मागे गेले. तेव्हापासून पायरीवर.

५ मार्च, बुधवार

वखारीतून निवृत्त होऊन ह्यांना सात-आठ महिने झाले. तिथे मोठ्या करवतीवर होते, ओंडके फाडायचे. तिथे ह्यांच्या शब्दाला मान होता. घरात तो मी फारसा कधी दिला नाही, तेही खरं. आता दिवसभर बसून असतात. पेपर दोनदा वाचतात, माझ्या मागे फिरून दिवे बंद करतात. स्कूटर पुसून ठेवतात पण चालवत नाहीत, पायी फिरणं प्रकृतीला चांगलं म्हणे. काल म्हणाले, माझ्या नव्या शर्टांना बाही खांद्यापाशी जरा सैल जोड. मी म्हटलं, बसून बसून अंग सुटलंय, त्याला बाही काय करणार.

झाडाचं काढलं तर म्हणतात कुऱ्हाडीचा दांडा हलतो. दांडा ठोकून आणला, तर पातं बोथट. धार लावून आणली, तर म्हणे या काळात कुऱ्हाड कोण चालवतं, आता सगळे चेनसॉ वापरतात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

पण शेवटचं मी मनात धरलंय. चेनसॉ म्हणजे साखळीची करवत. लांब पट्टीभोवती दातेरी साखळी गरगर फिरते आणि लाकूड कापत जाते. घरच्यासाठी एक घ्यायची. झाडही पडेल आणि ह्यांच्या हाताला काम मिळेल. माणूस रिकामा बसला की गंजतो, मला दिसतंय ते. ह्यांना विचारलं तर नाहीच म्हणतील, म्हणून न विचारता आणून समोर ठेवणार आहे.

७ मार्च, शुक्रवार

आज माझी शोभा झाली.

हार्डवेअरच्या दुकानात जायचं तर रिकाम्या हाताने कशाला, म्हणून आधी झाडाचं माप घेतलं. टेप खोडाभोवती छातीच्या उंचीला लावली, सवयीने एक बोट सैल धरली. बावन्न. दुकानदाराने विचारलं, झाड केवढं आहे? मी सांगितलं, बावन्न इंच. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आत गेला आणि नोकराच्या मदतीने एक धूड बाहेर आणलं. पेट्रोलवरची करवत, पट्टी माझ्या हाताएवढी लांब. म्हणाला, एवढ्या खोडाला घरगुती करवत काय करणार, ही लागेल, आणि हीसुद्धा दोन्ही बाजूंनी लावावी लागेल. वापरणार कोण? मी ऐटीत सांगितलं, आमचे हे, वखारीतले आहेत. मग त्याची काळजी मिटली. पटली नाही तर आठवडाभरात परत आणा म्हणाला आणि त्याच्याच गाडीतून घरी पोचवली.

खोकं उघडून हे म्हणाले, एवढी मोठी कुणी द्यायला सांगितली? मी म्हटलं, झाड बावन्न इंचांचं आहे. हे उठून झाडापाशी गेले, परत आले आणि पायरीवर बसून हसायला लागले. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. करवतीला घेर लागत नाही म्हणे, जाडी लागते. खोड आरपार किती, ते. बावन्नचा तिसरा हिस्सा, म्हणजे सतरा.

"बाई गं," म्हणाले, "तू झाडाची छाती मोजून आलीस."

आता मला काय माहीत? मी आयुष्यभर गोलच मोजत आले. छाती, कंबर, मनगट. माणसाची जाडी आरपार कोण मोजतं? पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हे असे हसले, म्हणून रागावले नाही. निदान फार नाही.

८ मार्च, शनिवार

करवत बदलायची तर आहेच, पण आलीय तर एकदा चालवून बघा, असं मी म्हटलं. हिला एक दोरी असते, ती हिसका देऊन ओढली की इंजिन सुरू होतं. ह्यांनी करवत अंगणात नेली. उचलली नाही, फरशीवरून ओढत नेली, आणि ओरखडे पडतात म्हणून मी बोलले. पायाने दाबून धरली आणि दोरी ओढली. अर्धीच आली. पुन्हा ओढली, पुन्हा अर्धी. मग डाव्या हाताने ओढून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, चहा टाक.

चहा घेऊन आले तर करवत खोक्यात, आणि हे घामाने निथळत बसलेले. मशीन बिघडलेलं आहे, म्हणाले. चहा डाव्या हाताने प्यायले आणि निम्मा बशीत सांडला. मी म्हटलं, आज सगळंच डाव्या हाताचं चाललंय. तर कप ठेवून आत जाऊन झोपले. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. माणूस दिवसेंदिवस हट्टी होत चाललाय.

९ मार्च, रविवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. बावन्न इंचांची गोष्ट ह्यांनी तिला रंगवून सांगितली, बापलेक माझ्यावर पोटभर हसले. मग ह्यांनी फोन मला दिला तेव्हा तिने विचारलं, बाबा फोन डाव्या हातात का धरतात, अर्धाच चेहरा दिसतो. मी म्हटलं, तुझ्या बाबांचा अर्धाच चेहरा पुरे. ती हसली नाही. बाबांकडे नीट बघ जरा, म्हणाली. आता अजून काय बघायचं, दिवसभर समोरच तर असतात.

११ मार्च, मंगळवार

करवत परत करायला दोघं गेलो. बिघडलेली दिलीत, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. दुकानदाराने ती खाली ठेवली, दोरी एकदा ओढली, आणि इंजिन असं धडधडलं की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. हे दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मला कानकोंडं झालं. मी सारवासारव केली, की मशीनसुद्धा माणूस बघून वागतं, माझं इंटरलॉक माझ्याशिवाय कुणाला दाद देत नाही. दुकानदार भला माणूस, हो हो म्हणाला.

मग ह्यांना आत बोलावलं आणि सतरा इंचांना चालेल असं सगळं बाहेर काढायला लावलं. पेट्रोलचीच पण लहान. ही ह्यांनी दोन्ही हातांनी जेमतेम उचलली आणि लगेच ठेवली. धूर फार होतो, तुझ्या कपड्यांना वास लागेल, म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कपड्यांची काळजी आज वाटली. मग विजेवरची. हलकी, स्वस्त, दोरीची भानगड नाही. तर म्हणे एवढ्या लांब वायर ओढणार कशी, आणि चुकून आपलीच वायर कापली तर? ते मलाही पटलं. मग बॅटरीवरची. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद, आवाजही बेताचा. मला ती बघताक्षणी आवडली. ह्यांनी हातसुद्धा लावला नाही. हे खेळणं आहे, म्हणाले. वखारीत कुणी ऐकलं तर हसतील.

रिकाम्या हाताने परत आलो. रस्ताभर मी बोलले नाही, आणि मी बोलले नाही हे ह्यांच्या लक्षातही आलं नाही. ते जास्त लागलं.

१३ मार्च, गुरुवार

आज दुपारी वारा उलटा सुटला. मशीनवर बसले होते, झाड कुरकुरलं आणि वरून वाळलेल्या सालीचे तुकडे पत्र्यावर पडले. मी पाय उचलून बाहेर आले. शिवलेले गणवेश उचलून पुढच्या खोलीत नेले, मशिनं काही उचलता येत नाहीत. ह्यांना म्हटलं, जरा धरा, दोघं मिळून इंटरलॉक तरी हलवू. तर म्हणाले, काही होत नाही.

मग भांडण झालं. झालं म्हणजे मीच केलं. म्हटलं, कुऱ्हाड नको, पेट्रोल नको, वायर नको, बॅटरी नको, बाहेरचा माणूस नको. तुम्हाला झाड पडायला हवंय की माझी खोली? पूर्वी ओंडका आला की जेवण टाकून उठणारा माणूस, आणि आता बोट हलवत नाही. हे म्हणाले, ती बॅटरीची करवत काय करवत आहे का, ते बायकांचं काम.

मी म्हटलं, ठीक आहे. बायकांचं असेल तर बायको बघून घेईल.

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. उलट माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मलाच कळेना मी काय बोलले ते.

१५ मार्च, शनिवार

घेतली. सोळा इंची पट्टी, बॅटरीवरची. दुकानदाराने पुन्हा विचारलं, वापरणार कोण? मी म्हटलं, मी. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग नीट उभं करून सगळं समजावलं. हाताच्या पुढे एक दांडी असते, ती ढकलली गेली की साखळी जागच्या जागी थांबते. पट्टीच्या टोकाने कधी कापायचं नाही, टोक लाकडाला अडकलं की करवत उलटून तोंडावर येते. करवत खांद्याच्या वर उचलायची नाही. साखळीला तेल लागतं, ते टाकीत आहे का हे आधी बघायचं. एवढं मला सोपं वाटलं, मशीनला तेल द्यायला मी कधी विसरले नाही.

सोबत जाळीचं हेल्मेट, हातमोजे आणि पायांवर बांधायचं जाड कापड घेतलं. त्या कापडात लांब धाग्यांचे थर भरलेले असतात. करवत चुकून मांडीला लागली तर ते धागे साखळीत गुंततात आणि ती थांबते. मी शिवण उलटी करून बघितली. काम चांगलं होतं, फक्त कडेला टाके जरा लांब घेतलेत.

घरी आले तर ह्यांनी तेही सगळं एकेक करून तपासलं. मला वाटलं आता नावं ठेवतील. तर म्हणाले, हेल्मेटचा पट्टा आवळून घे.

१७ मार्च, सोमवार

हे शिकवायला इतके चांगले असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मोडलेली फांदी दोन दगडांवर आडवी ठेवायला लावली आणि माझ्याकडून कापून घेतात. स्वतः करवतीला हात लावत नाहीत, मागे हात बांधून उभे राहतात. पाय फाक. कोपर अंगाशी. दाबू नकोस, करवत आपल्या वजनाने जाते, तू फक्त धर. पहिल्या दिवशी माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते, काज करायला घेतलं तर सुई धरवेना. आज मात्र काप सरळ गेला. बरं आहे, म्हणाले. वखारीतल्या माणसाचं बरं आहे म्हणजे काय ते मला माहीत आहे.

मी म्हटलं, आता एक तुम्ही करून दाखवा. तर म्हणाले, मी केलेलं बघून तू शिकणार नाहीस, तुझं तुलाच करावं लागेल. गुरुजी झालेत.

१९ मार्च, बुधवार

आज झाड कसं पाडायचं ते सांगितलं. झाड भाजीच्या वाफ्याच्या बाजूला थोडं झुकलेलं आहे. त्याला जायचंय तिकडेच जाऊ द्यायचं. आधी त्या बाजूला खोडात एक खाच कापायची, कलिंगडाची फोड काढतात तशी. मग मागे येऊन, खाचेच्या जरा वरून, आडवा काप घ्यायचा. पण आरपार जायचं नाही. खाच आणि काप यांच्यामध्ये दोन बोटं लाकूड तसंच ठेवायचं. बिजागरीवर दार फिरतं तसं झाड त्या लाकडावर फिरून खाली येतं. ते कापून टाकलं तर झाड मोकळं होतं, मग कुठे पडेल सांगता येत नाही.

मी म्हटलं, म्हणजे माया.

हे म्हणाले, काय?

शिवणीच्या बाहेर कापड सोडतात त्याला माया म्हणतात. शिवणीवर कापलं तर कपडा उसवणार, म्हणून माया ठेवायची. इतकी वर्षं माझ्या शेजारी राहून ह्यांना हे माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं म्हणा. हे दोन-तीनदा तो शब्द तोंडात घोळवत राहिले. मग ठरलं, की मागचा काप घेताना मला आतलं दिसणार नाही, हे बाजूने बघतील आणि दोन बोटं उरली की ओरडतील, माया. ते ऐकलं की मी हात थांबवायचा.

मग झाडाला दोर बांधायचा होता. दोरीला दगड बांधून वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकायचा. ह्यांनी डाव्या हाताने टाकला आणि चुकला. पुन्हा चुकला. एक दगड मागच्या घरातल्या मास्तरांच्या अंगणात गेला. मी म्हटलं, उजव्याने टाका की. तर म्हणाले, ऊन डोळ्यावर येतं. शेवटी मीच टाकला.

२२ मार्च, शनिवार

झाड पडलं. सगळं लिहायचं आहे, आज झोप येईल असं वाटत नाही.

सकाळी वारा अजिबात नव्हता. हे उठून आधी अंगणात जाऊन आले आणि म्हणाले, आज. मी कणीक भिजवत होते, हात धुतले. दोराचं दुसरं टोक वाफ्यापलीकडच्या लोखंडी खांबाला ताणून बांधलं होतं. हे खांबापाशी उभे राहून सांगत गेले, गाठ मी मारली. मग माझ्यासाठी पळायची वाट मोकळी केली, झाडाच्या मागे तिरकी. पायाने दगड बाजूला सारले, एक काटकी ठेवली नाही. झाड हललं की करवत टाक आणि या वाटेने जा, वळून बघू नकोस, असं बजावलं. करवतीचं नुकसान होईल, मी म्हटलं. होऊ दे, म्हणाले.

खोडावर माझ्या कापड आखायच्या खडूने रेघा मारल्या. खाच नीट निघाली. फोड बाहेर पडली तेव्हा ह्यांनी ती उचलून वास घेतला आणि खिशात घालायला गेले, खिशात मावेना.

मग मागचा काप. बटण दाबलं, साखळी फिरली, भुसा पायावर पडायला लागला. मला फक्त रेघ दिसत होती. पट्टी खोडाहून आखूड, म्हणून थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने. आणि मग ऐकू आलं. माया. मी थांबले नाही, खरं सांगायचं तर मला वाटलं अजून खूप आहे, अजून थोडं. माया! त्यांचा आवाज फाटला. माया, माया! मी हात सोडला.

काहीच झालं नाही. झाड तसंच उभं. मला वाटलं चुकलं, अजून कापायला हवं होतं. करवत पुन्हा उचलली.

"हात लावू नकोस आता," म्हणाले. "मायेवर जाईल ते."

जवळ आले, खिशातून लाकडी पाचर काढली, मागच्या कापात बसवली आणि डाव्या हाताने हातोडीचा एक ठोका दिला. मग दुसरा. आयुष्यभर माझ्या प्रत्येक कामात पाचर मारत आले, आज पहिल्यांदा उपयोगाची मारली. तिसऱ्या ठोक्याला वरून कर्र असा आवाज आला. मी वाटेने पळाले. हे माझ्या मागे होते, माझ्या पाठीवर त्यांचा हात होता. झाड सावकाश गेलं, अगदी सावकाश, आणि वाफ्यावर आडवं झालं. जमीन हादरली. खोलीच्या पत्र्याला एक डहाळीसुद्धा लागली नाही.

आवाज ऐकून मागचे मास्तर कुंपणाशी आले. झाड बघितलं, माझं हेल्मेट बघितलं, ते काय आहे हे त्यांना कळलं नसावं. म्हणाले, कुणाला हाका मारत होता हो मघापासून? ही माया कोण? मला हसू आवरेना. हे पण हसले. मग मास्तर ह्यांना म्हणाले, कमाल आहे तुमची, या वयातही हात तसाच आहे.

मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं, की अहो वखारीतले आहेत ते. तेवढ्यात हे म्हणाले, "नाही हो मास्तर. हात गेला माझा. खांद्याच्या वर जात नाही, वजन पेलत नाही. वखारीत शेवटच्या आठवड्यात ओंडका सावरायला गेलो, तेव्हापासून. झाड हिनं पाडलं."

इतकं सरळ सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मास्तर औषधपाणी करा म्हणाले आणि गेले.

मी तिथेच उभी. मला रडू नाही आलं, राग आला. इतका राग की हेल्मेट काढून फेकलं. सात-आठ महिने. एका छताखाली, ताटाला ताट लावून, आणि मला कळलं कधी, तर कुंपणापलीकडच्या माणसाला सांगितलं तेव्हा. येईल त्या गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप मी नजरेने सांगते, आणि घरातला खांदा मला दिसला नाही. ह्यांच्यावर जास्त राग होता की माझ्यावर, अजून ठरलं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

हे पडलेल्या खोडावर बसले. साल सोलायला लागले. म्हणाले, "वखार सुटली. वर हातही गेला असं सांगितलं असतं, तर माझ्याकडे राहिलं काय?"

  मी शेजारी बसले. भुसा सगळा मांडीवर होता. मग म्हटलं, "तोंड राहिलं की. आज झाड तोंडानेच पाडलंत तुम्ही."

हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि मग ते रडले. मी ह्यांना असं कधी बघितलं नव्हतं.  पाठीवर हात ठेवला, आणि कणीक झाकून ठेवली नव्हती हे आठवलं तरी उठले नाही.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. जायच्या आधी, खोडाचे तुकडे करायचे राहिलेत, ते झाले की जाऊ, असं ह्यांनी एकदा म्हणून बघितलं. मी नुसतं बघितलं, तर चपला घातल्या.

डॉक्टर तरुण मुलगी आहे. कधीपासून दुखतं विचारलं. हे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं होतं, मिटलं. कधी नव्हे ते. मग ह्यांनीच सांगितलं सगळं, ओंडक्यापासून, झोप लागत नाही तिथपर्यंत. झोपेचं मला तेव्हाच कळलं. तपासण्या लिहून दिल्या. आतला स्नायू फाटला असेल, म्हणाली. व्यायामाने बराचसा येईल, पूर्वीसारखा होईल असं सांगत नाही. हे ऐकून ह्यांनी मान हलवली, वाद घातला नाही.

मग ती म्हणाली, आजोबा, हात जाईल तेवढा वर करून दाखवा. मला वाटलं आता दात ओठ खाऊन नेतील वर, अनोळखी माणसासमोर माघार घ्यायची ह्यांना सवय नाही. हात निघाला. कमरेवरून छातीपर्यंत आला, तिथे अडला. डॉक्टर म्हणाली, अजून? मी टेबलाची कड धरून बसले होते.

"इथपर्यंतच," हे म्हणाले.